चौदाव्या दिवसाची भेट

उंबऱ्याबाहेर चप्पल काढताना मला ऐकू आलं,
आत चमचा वाटीला लागला
आणि लगेच गप्प झाला.
पलंगाखाली काहीतरी सरकलं.

प्रणाली, मी ओळखते गं तो आवाज.
सतरा वर्षं सावळजच्या या गल्ल्यांतून
काटा, झोळी आणि वही घेऊन हिंडतेय.
माझी चाहूल लागली
की घराघरांतून डबे पलंगाखाली जातात.

राहू दे. आधी वजन घेऊ.
घाल त्याला झोळीत, मान सांभाळ.
काटा थरथरतो, थरथरतो, मग थांबतो.
दोन किलो सातशे.
बघ, काटा चांगलं बोलतोय
आणि तू रडायला लागलीस.

जाऊ म्हणते, आळीव नीट खात नाही.
मावशी म्हणते, आमच्या वेळी पदर भिजायचा नुसता.
मागल्या दारची तर दृष्ट काढून गेली.
आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची बाई
पोराला छातीशी धरून हसतच असते,
तिचा हात कधी अवघडत नाही,
तिची बोंडं कधी चिरत नाहीत,
रात्री तीनला तिला कुणी विचारत नाही,
"अजून भूक कशी भागंना ह्याची?"

एक सांगू? हे वहीत नाही.
मी नवी होते. पिशवीचा वाससुद्धा कोरा.
वैजयंता म्हणून एक पोरगी,
बेदाण्याच्या शेडात निवडायला जायची,
सव्वा महिना झाला आणि परत कामावर.
तिच्या हातातली बाटली मी काढून घेतली,
खिडकीत ठेवली,
चार बायकांदेखत म्हणाले,
"आई आहेस का कोण?"
ती काही बोलली नाही.
भिंतीकडं तोंड करून पोराला पदराखाली घेतलं,
पोर ओरडत राहिलं,
आणि मी तिथंच मांडी घालून
सुरेख अक्षरात लिहिलं : समुपदेशन केले.

परवा तासगाव स्टँडवर
एका पोरानं माझी पिशवी एसटीत चढवून दिली.
मिसरूड फुटलेलं, खांदे हे एवढे.
मागून वैजयंता आली. चहा पाजला मला.
म्हणाली, "ओळखलं का ताई? हा तोच. बाटलीचा."
हसत म्हणाली गं.
पण इतकी वर्षं तो शब्द
तिनं जपून ठेवला होता, आणि टाकला नव्हता.
चहा गोड होता का, मला आठवत नाही.

तर काढ ती वाटी बाहेर.
पाणी उकळून गार केलं होतंस ना?
डब्यातल्या चमच्यानं मोज, अंदाजानं नको,
आणि पातळ करून पुरवू नकोस, एवढंच.
अंगावरचं थोडं येतंय? येऊ दे थोडं.
तुला पाजायचं असेल तर मी बसते.
कुशीवर हो, उशी पाठीला घे,
दुखलं की सांग, सोसत बसू नकोस.
आणि आज नको वाटलं तर
आज नको. उद्याचं उद्या.

तुषारला हाक मार.
ब्लोअर बंद करून ये म्हणावं, हात साबणानं धू.
बसू दे त्याला इथं, पोराची मान कोपरात घेऊन,
बापाच्या हातून चमचा जरा सांडेलच.
तू तिकडं तोंड करून झोप.
जाऊबाईंशी मी बोलते,
त्यांच्या मनातही काहीतरी अडकलेलं असणार,
नुसतं आळिवावर एवढं कुणी बोलत नाही.

राहता राहिला हा रकाना.
केवळ स्तनपान? होय. नाही.
"नाही"वर खूण करते, खोटं कशाला लिहू.
पण शेऱ्याला बोटभर जागा ठेवलीय छापणाऱ्यानं,
एरवी मी ती रिकामीच सोडते.
आज लिहिते :
बाळाचं वजन वाढतंय.
आई दुपारी झोपली. उठवलं नाही.

आतून चमचा वाजतोय वाटीवर.
वाजू दे.