शेवटच्या टोकाला

फिल्मवर पांढऱ्या अक्षरांत: ताकवले रंगनाथ, ७६.
डॉक्टर पारसनीसबाईंनी पेनाचं टोक टेकवलं,
म्हणाल्या, इथून सुरुवात होते.
कानाच्या आत खोल, बोटाएवढा भाग,
नवी आठवण आधी इथे उतरते,
मग पुढे वाटली जाते.
मी म्हटलं, म्हणजे पर्वतीची टाकी.
त्या हसल्या. तात्या हसले नाहीत.
एकतीस वर्षं महापालिकेत चावीवाले होते,
टाकीची चेष्टा त्यांना चालत नाही.

पेशींच्या बाहेर चिकट थर साठतो,
आत धागे गुंततात,
आणि हे वीसेक वर्षं आधीच सुरू झालेलं असतं.
वीस वर्षं!
म्हणजे भांडारकर रस्त्यावर लाइन फुटली
आणि रात्री दोनला तात्यांनी
दांडी डांबराला टेकवून, कान लावून
गळती बरोब्बर शोधली,
तेव्हा त्यांच्या आतही ठिबकत होतं
आणि कान लावायला कोणी नव्हतं.

पाणी कमी पडलं की आधी शेवटचं टोक कोरडं पडतं,
हे त्यांनीच शिकवलं मला.
तसंच झालं. धायरी गेली आधी:
आजचा वार, सकाळची गोळी, नातीचं नाव.
मग कोथरूड: माझं लग्न, जावयाचा चेहरा,
आईचं जाणं.
ती कुठंय, रोज विचारायचे.
मी खरं सांगायचे,
ते रोज नव्याने विधुर व्हायचे.
आता सांगते, मंडईत गेलीय.

पेठांत अजून प्रेशर आहे.
शाळेतल्या मास्तरांची शिवी, पहिल्या पगाराची नोट,
आणि कोणी यमुना परदेशी,
जिच्याबद्दल घरात कोणालाच काही माहीत नाही.

पुढे शब्द जातील, बाई म्हणाल्या, मग बटणं लावणं,
मग गिळणं. मेंदू आक्रसत जातो, अक्रोडासारखा…
अक्रोड राहू द्या, म्हटलं. कळलं.

हात मात्र.
हातांच्या सवयींची लाइन वेगळी असते म्हणे.
पहाटे साडेचारला माझं मनगट धरून
डावीकडे फिरवतात, हळू, मोजत.
अकरा आटे. बारावा नाही.
"रास्ता पेठ सोडली."

खाली सोसायटीत टँकर लागलाय,
वॉचमन पाइप जोडतोय.
मोरीतला नळ खाकरतो, थुंकतो,
मी बादली सरकवायला धावते.
"आधी हवा येते," तात्या म्हणतात,
"घाई करायची नाही."