ढ

पास्कूकाका शिवडीच्या दफनभूमीबाहेर
संगमरवरात नावं कोरायचा. रोमन अक्षरं.
छिन्नी सरळ खाली यायची
आणि शेवटच्या जवभर अंतरात
किंचित बाहेर कलायची, दोन्ही अंगांनी.
वेगळा पाय जोडलेला नसे.
"काठीच रुंदावत गेली पाहिजे," म्हणायचा,
"कुठून, ते डोळ्याला कळता कामा नये."

तो ठळक ठसा देवनागरीत आणायचा म्हणून
मशीद बंदरला मिरचीच्या गोदामावर
शिंकत बसले आहे तीन महिने.
म उभा राहिला, क राहिला,
प तर पहिल्याच दिवशी.
पण ट, ठ, ड, ढ, द
यांना जमीनच नाही.
शिरोरेषेला धरून लोंबकळणाऱ्यांचा
पाय रुंदावायचा कुठे?

खिडकीतून खाली हमालांची पावलं दिसतात.
गोणी उतरते, तरी फाकलेली बोटं
पुन्हा जवळ येत नाहीत.

गिऱ्हाइकाला मी आधीच सांगते:
हा टाईप दुकानाच्या पाटीला घ्या,
औषधाच्या खोक्याला, नाटकाच्या जाहिरातीला,
कोनशिलेला तर डोळे मिटून.
माफीनाम्याला नको, धमकी वाटेल.
आणि बारीक मजकुराला मुळीच नको,
अक्षरांची पोटं शाईने भरतात.

मग ढमाले आला. वजनकाटे दुरुस्त करतो.
वडील याच गल्लीत ओझी वाहायचे,
म्हणून मुलाने ओझं मोजायचा धंदा काढला,
असं तोच हसत म्हणाला.
"पाटीवर आडनाव मोठं हवं, बाई.
शाळेत मास्तर पहिल्याच अक्षराने हाक मारायचे.
अख्खा वर्ग हसायचा."

त्या रात्री ढ सतरा वेळा काढला.
शेपटी जाड केली, तर बदकासारखा दिसला.
पोट जाड केलं, तर झोपलेला.
पहाटे टेम्पो लागला. एक म्हातारा हमाल
डोक्यावर पेटी घेऊन खिडकीखालून गेला
आणि मी त्याच्या पायांकडे पाहिलंच नाही.
मान पाहिली.
खांद्यापासून वर रुंदावत गेलेली,
पेटीला भिडते तिथे सर्वांत रुंद.

शिरोरेषा म्हणजे ओझंच की.
इतके दिवस मी खाली शोधत होते.

पाटी लागली. ढमाले रस्त्यापलीकडे उभा राहून
बराच वेळ बघत होता.
"मानेत जाड झालाय," म्हणाला,
आणि नकळत स्वतःची मान चोळली.
अर्धे पैसे दिले.
तेच अक्षर व्हिजिटिंग कार्डावर हवं म्हणून हटून बसला.
बुजेल, म्हटलं. ऐकलं नाही.

बुजलं. ढ च्या पोटातलं वेटोळं
काळा ठिपका होऊन बसलं आहे हजार कार्डांवर,
आणि तो ती मोठ्या ऐटीत वाटत फिरतो.