सतरा नंबरची बशी

पिल्झेनला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
इनक्युबेटरमध्ये मात्र सदतीस अंश,
कुणाच्या तरी पोटाइतकं ऊबदार.

बशीवर फक्त आकडा लिहायचा, असा नियम आहे.
पण सही घ्यायला मीच गेले होते, म्हणून नाव माहीत आहे:
बोहुमीर ह्लावाच.
बिअरच्या कारखान्यात चाळीस वर्षं पिंपं बांधली.
"न्या," म्हणाले, "डावं मूत्रपिंड,
माझ्या काही कामाचं राहिलं नाही.
काय करणार त्याचं?"
तापवून बघणार, म्हटलं.
ते हसले.
"तापल्याशिवाय फळी वाकत नाही, बाई.
ओल्या ओकला आतून जाळ दाखवायचा,
मग कडं ठोकायचं.
कडं सुटलं की संपलं. पिंपाचं सरपण."

स्लाइडवर त्यांच्या पेशी रिकाम्या दिसतात,
भाडेकरू रातोरात निघून गेल्यासारख्या.
खरं तर चरबी न् साखरेनं ठासून भरलेल्या.
रंग चढवताना सगळं धुऊन जातं,
उरतात नितळ खोल्या.

सोमवारी पिपेटच्या टोकानं
बशीत एक रेघ ओरखडली. दुसऱ्या बशीतही.
एकीला काहीच दिलं नाही.
दुसरीत दाहाचा निरोप सोडला:
सूज आली की शरीर जे प्रथिन धाडतं
त्याचा थेंबाहून थोडका अंश.

मंगळवारी
पहिलीत फरसबंदी तशीच, शेजारी शेजाऱ्याला चिकटून.
दुसरीत कडं सुटलेलं.
पेशी लांबल्या, वाकल्या,
एकेकीनं पाय पुढे काढला,
शेजारणीचा हात सोडला
आणि रेघेत उतरल्या.
एक तर पार मध्यावर, एकटी.
वहीत अंतर लिहिलं: एकशे चाळीस मायक्रॉन.
एवढ्यासाठी घर सोडलं.

निरोपात वाईट काही नव्हतं.
"इथे लागलंय, या," एवढंच तो म्हणतो,
गुडघा खरचटला तरी हेच.
शहाण्या पेशी येतात, जखम बुजवतात, थांबतात.
यांनी "या" तेवढं ऐकलं.

गुरुवारी ते टाके दाखवायला आले,
कॉरिडॉरमध्येच गाठलं मला.
"वाकली का फळी?"
वाकली.
"मग विझवून टाका की जाळ!"
आणि सदरा वर करून
कुशीवरचा वीतभर व्रण दाखवला,
लाल, कडांना फुगलेला.
खाजतो फार, म्हणाले,
नर्स म्हणते, भरून येतंय, चांगलं लक्षण आहे.

तोच जाळ आहे हा, म्हटलं.

खाजवता खाजवता
त्यांचं बोट थांबलं.