पुठ्ठ्यावरचा डाग

रात्री दोनला मातोझिन्योशच्या बंदरावर मासळी भरते,
पहाटे डोंगर चढते,
सातला पहिल्या गावात हॉर्न देते: दोन लांब, एक तोकडा.
सत्तावीस वर्षांची डिझेल व्हॅन.
पांढरी होती म्हणतात.

गेल्या शिशिरापासून ती जिथे थांबते तिथे
बटणाएवढा काळा ठिपका ठेवून जाते.
एतेल्विनाबाईंनी पायरीशी राखेचा डबाच ठेवलाय.
"देओलिंदा, तुझ्या गाडीला कुणी वळण लावलं नाही,"
म्हणतात, आणि ठिपक्यावर राख टाकून
अर्धा किलो बांगडे घेतात, डोकी काढून.

रोज रात्री मासळीच्या खोक्याचा पुठ्ठा
मी इंजिनाखाली सरकवते.
सकाळी बघते. एक थेंब. मग तीन.
मग जानेवारीत एका सकाळी
मधोमध चक्क आमच्या जिल्ह्याचा नकाशा,
नदीसकट.

अबीलियो वाकला, बोटानं पुसलं, हुंगलं.
"मागचं सील. क्रँकचं.
गिअरबॉक्स उतरवावा लागेल. नऊशे युरो."
नऊशेत मला दुसरी व्हॅन मिळेल.
तिचं काय गळतं ते मात्र मला ठाऊक नसेल.

तेल खाली ओघळतं, हे पोरालाही कळतं.
पण धावत्या गाडीत वारा त्याला मागे रेटतो,
ते सांध्यासांध्यांतून वाट काढतं,
धूळ पांघरतं,
आणि जे सगळ्यात ओलं दिसतं
ते बऱ्याचदा नुसतंच खाली उभं असतं.

म्हणून रविवारी, चर्चची घंटा वाजत असताना,
मी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसले.
दोन तास घासलं. गुडघे बधिर.
काळ्या थराखालून इंजिनाचा खरा रंग निघाला: निळा.
इतकी वर्षं याच्यावर पोट भरलं,
आणि मला माहीतच नव्हतं.

मग नातवाच्या पावडरीचा अख्खा डबा.
तळायच्या आधी पिठात घोळवलेली तारली
तसं दिसायला लागलं सगळं.
चावी फिरवली. धडधड. पावडर थोडी उडाली,
थोडी माझ्या भुवयांवर बसली.
टॉर्च दातात, हातात
दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेला छोटा आरसा.

दहा मिनिटं काहीच नाही.
अबीलियोनं बोट लावलेला सांधा
पांढराच्या पांढरा.
मग वर, पार वर, हेडच्या मागच्या अंगाला,
ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाखाली
केसाएवढी एक काळी रेघ.
थांबली. जाड झाली. निघाली.
ब्लॉकच्या कडेनं, बोल्टला वळसा घालून,
बरोबर त्या सांध्यावर येऊन बसली.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
तीही नऊशे युरोची!

तिथे हात जात नाही, असं सगळे सांगतात.
माझा जातो.
चाळीस वर्षं कल्ल्यांमध्ये घातलेला हात आहे.
पंप सुटला, आणि त्याच्या खाचेतली रबरी कडी
माझ्या बोटांत मोडली,
करपलेल्या पावाच्या कडेसारखी, कट्.

विला रेआलच्या दुकानात तीन युरो चाळीस.
"एवढंच?" पोरगा म्हणाला.
मी दोन घेतल्या.

सोमवारी पुठ्ठा कोरडा.
आनंद वगैरे नंतर. आधी पोटात गोळा:
गळायला आत काही उरलंय की नाही?
कांडी उपसली, ॲप्रनला पुसली, पुन्हा घातली, उपसली.
दोन खुणांच्या मधोमध तेल,
आणि टोकाला चिकटलेलं एक खवलं. ॲप्रनचं.

एतेल्विनाबाई डबा घेऊन उभ्या होत्या.
व्हॅनखाली वाकून पाहिलं. पलीकडून पाहिलं.
काठी फिरवून पाहिली.
डब्यातली राख उगाच हलवली.
"बांगडे कालचे तर नाहीत ना?"
त्यांनी विचारलं.