नडियंगिल्ला

घड्याळं आता फारशी येत नाहीत.
आली तर सेल टाकायला, नाहीतर पट्ट्याला भोक पाडायला.
भिंग मात्र रोज डोळ्यावर चढतं,
कारण जुन्या पी. बी. रोडला कुणीतरी पसरवलंय
की मगदुमाला नोटा कळतात.

सोमवारी तंगेव्वा आली.
विड्या मोजून देऊन, मजुरी घेऊन निघालेली,
बोटांना तंबाखू, पदराच्या गाठीत दहाची नोट.
"किराणावाल्यानं दोनदा परत दिली ओ.
आधी म्हणाला, नडियंगिल्ला.
मग मला कळलं नसंल म्हणून मराठीत, चालत न्हाई."

तपकिरी, करकरीत, गाठीनं पाडलेली एकच घडी.
पण चित्र सगळं वर सरकलेलं.
वरच्या नंबराच्या आकड्यांची डोकी उडालेली,
आणि खालच्या कडेला
कुणा दुसऱ्याच नोटेच्या आकड्यांची डोकी,
परड्याच्या भिंतीवरून शेजारी डोकावतात तशी.

मी घाई करत नाही.
लबाड माणसं कात्री लावतात
आणि नाव छापखान्याचं घेतात.
त्यांची नोट मापाला कमी भरते.
म्हणून आधी मोजपट्टी.
लांबी एकशे तेवीस मिलिमीटर, रुंदी त्रेसष्ट.
पुरी भरली.
वर जेवढं गेलं तेवढंच खाली आलं होतं,
फक्त आलं ते दुसऱ्याचं.

मग कड. पात्याची कड एका दमात जाते,
कात्री मध्येच दम खाते.
इथं कुठं दम खाल्लेला नव्हता.
मग नखानं सांधा शोधला, डिंक शोधला.
मग डोळे मिटून पाठीवर अंगठा फिरवला,
आकडे ठोकून छापलेले असले की पाठीला वळ लागतो,
तो लागला.
उजेडात धरली तर पुढचा अर्धा दहा
मागच्या अर्ध्या दहाला जाऊन जुळला.

शेवटी, गरज नसताना, भाषांची पट्टी.
ही माझी खोड.
चौथी कानडी, आठवी मराठी,
मध्ये काश्मिरी, कोकणी, मल्याळी बसवलेल्या,
वर्गात भांडणाऱ्या दोन पोरींच्या मध्ये
गुरुजी गरीब पोरी बसवतात तशा.

"खरी हाय," म्हटलं.
"पात्याखाली कागद सरकलाय. चूक तिकडची."
"मग चालंल?"
"चालवू नको. कोल्हापूरचा एक जण हिचे अडीच हजार देईल,
थांबलीस तर वर पण देईल."

"आणि खोटी असती तर?"
"दहा पण न्हाईत."
"आणि धड असती तर?"
"दहाच की."
मला वाटलं होतं, हसेल.
ती नोटेची खालची कड बघत राहिली.

"ही डोकी हितं आल्यात," म्हणाली,
"म्हंजे कुणाच्या तरी नोटंची गेल्यात.
ती बाई कुठल्या दुकानात उभी असंल आत्ता?"

बाई कशावरून, मी विचारलं नाही.
नोट प्लॅस्टिकच्या कव्हरात घातली,
वहीत तिचं नाव लिहिलं, तारीख, सही घेतली,
कोल्हापूरचा फोन लागला नाही.

"आत्ता मला दहा रुपये द्या," म्हणाली, "साखर न्यायचीय."
गल्ल्यात एकच होती, मधून फाटलेली,
कुणीतरी चिकटपट्टी लावलेली.
तिनं ती माझ्यासारखी उजेडात धरली,
अंगठा फिरवला,
आणि किराणावाल्याकडं गेली.
बराच वेळ झाला, परत आली नाही.
म्हणजे घेतली असणार.

साडेआठला शटर अर्धं ओढून
कव्हर पुन्हा भिंगाखाली घेतलं.
नुसत्या डोक्यांवरून नंबर लागतो का बघत होतो.
पहिला गोल आहे. शून्य, किंवा आठ, नऊ पण असेल.
दुसऱ्याची वरची रेघ सपाट.
पाच.
किंवा सात.