चाबी दुसऱ्या खुणेवर

हेडाऊ तिला चाबी म्हणतात, मी किल्ली.
मानेवाडा रोडवरच्या त्यांच्या गॅरेजला पाटी नाही,
टायरवर चुन्यानं लिहिलेला फोन नंबर आहे
आणि त्यातला शेवटचा आकडा पुसलेला.

बावन्नाव्या वर्षी मी गाडी घेतली, जुनी, करडी,
आणि पहिल्याच सकाळी अडले.
स्टिअरिंग घट्ट, किल्ली घट्ट.
फोनवर ते म्हणाले, "भांडू नोका तिच्याशी, ताई.
एका हातानं चाक जरासं हलवा, दुसऱ्यानं चाबी.
दोघं संगंच सुटतात."
सुटली.

मग चार खुणा शिकवल्या.
पहिली कुलपाची.
दुसरीवर रेडिओ लागतो, इंजिन निजलेलंच.
तिसरीवर सगळे दिवे एकदम:
तेलाचा, बॅटरीचा, एबीएसचा, आणि एक
ज्याचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं.
"अथी थांबा. मागच्या सीटखालून गुणगुण येते न?
पेट्रोलचा पंप हाय तो. दोन सेकंद द्या त्याले.
मंग चौथी. अन् लागली का हात सोडा,
लागलेल्या गाडीले अजून पिळाल तं आत दात घासतात."
दोन सेकंद!
मेडिकलच्या वॉर्डात इतके कोणी मला दिले नाहीत,
मीही कोणाला.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
ब्रेक दाबला की पाय खोल जाई,
उशीत रुतल्यासारखा.
हेडाऊंनी चाकामागे पारदर्शक नळी लावली,
खाली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली.
"दाबा. धरून ठेवा. आता सोडा."
काळ्या चहाच्या रंगाचं तेल आलं, त्यात बुडबुडे.
"तेल दबत नाही, हवा दबते.
लाइनीत हवा असली तं तुमचा पाय हवेलेच दाबत बसते,
चाकाले पत्ताच नाही."

मला हसू आलं.
अठ्ठावीस वर्षं सलाईनच्या नळीला टिचक्या मारते आहे मी.
"नट आवळू नका," मी म्हणाले,
"अजून एक आहे, वाकणात अडकलाय."
त्यांनी वाकून पाहिलं.
होता.
तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी सिस्टर.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर कोणाच्या तरी
सात-आठ बकऱ्या एकाएकी रस्त्यात आल्या
आणि वळणावर रेती सांडलेली.
मी दाबला, होता नव्हता तेवढ्या जोरानं.
पायाखाली कडकडकड सुरू झालं,
थंडी वाजून ताप भरलेला माणूस
खाटेसकट हलतो ना, तसं.
घाबरून पाय उचलला असता.
पण हलणाऱ्यावरचा हात काढायचा नसतो
हे पायालाही ठाऊक असावं.
चाकं अडकली नाहीत, गाडी वळली.
एक बकरी बोनेटपाशी उभी, तोंडात पाला,
चघळणं चालूच.

नंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली.
एका नाइटला पहाटे चार वीसला
अकरा नंबरची खाट रिकामी झाली.
एकोणीस वर्षांचा पोरगा, उमरेडचा.
मी नोंद केली, सही केली, पार्किंगमध्ये आले.
किल्ली दुसऱ्या खुणेपर्यंत फिरवली
आणि पुढं नेली नाही.
रेडिओ भजनावरून बातम्यांवर गेला,
बातम्यांवरून कळमन्याच्या भावांवर.
तूर, सोयाबीन, हरभरा.
मग आवाज खोल खोल जात बंद पडला.

हेडाऊ लुनावर आले, गळ्यात मफलर, खांद्यावर वायरी.
"किती वेळ बसल्या?"
"असेल तास-दीड तास."
"दुसरी खूण बॅटरी खाते, सिस्टर."
एवढंच.
वॉचमनच्या जीपशी लाल लालला जोडली,
काळी लोखंडाला, जरा दूर,
आणि मला हातानं खूण केली, मारा.

"थांबा," मी म्हणाले.
किल्ली तिसरीवर होती. सगळे दिवे लागलेले.
मागच्या सीटखालून
गुणगुण येत होती.