कुंदा

बर्डीच्या फुलबाजारात
मी माझंच नाव मागितलं, पावभर.
फुलवाला म्हणाला, "मोगरा घ्या ना ताई,
कुंदाला वास नाही, कोण विचारते त्याला?"

वडील टाकळीच्या पोलीस लाइनीत हवालदार.
त्यांच्या बंदुकीला कुंदा होता,
तेल पाजलेला, खांद्यापाशी झिजून गुळगुळीत.
लहानपणी वाटायचं, मी तीच:
गोळी पुढे सुटते,
धक्का मागे बसतो.

उमरेडकडे, मामाच्या वावरात
कुंदा म्हणजे तण.
पुरुषभर खणा, काडीएवढी मुळी राहिली
की वावर पुन्हा त्याचं.
मी तिसरी मुलगी.
मामीला बोट दाखवावं लागलं नाही.

मोमिनपुऱ्यातली सबीना बोथट सुरीला कुंद म्हणायची
आणि लगेच जीभ चावायची.
ऑफिसात, आभाळ दाटून हवा कुंद झाली
की बोरघरे खिडकीतून वर बघत,
मग माझ्याकडे:
"मॅडम, आज सही तुमचीच दिसते!"
तीस वर्षं एकच विनोद. मी हसायचे.

काल मायचे पाय चेपता चेपता विचारलं.
"फूलगिल काही नाही व.
डागा दवाखान्यात तू आडवी होतीस.
एक नर्स रातभर बसली माह्यापाशी,
कपाळावर हात ठेवून.
तिचंच नाव देल्लं तुले."

मग बराच वेळ काही नाही.
वाटलं, झोपली.

"केरळकडची होती थे.
बोलनं समजे नाही तिचं.
नाव बी धड आयकू नाही आलं."